धर्मादायाच्या जुवारीतला घडा

माणूस घरच्या घरी मद्य का करू लागतो, या प्रश्नावर नंदुरबारात एकमत होणं शक्य नाही. नंदुरबारात एकमत कशावरच होत नाही. स्टेशनला कोणत्या गल्लीतून लवकर पोचता येतं, यावरून सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालेलं आम्ही पाहिलंय. पण गिरधर मास्तरांनी ते का केलं, एवढ्यापुरतं ठामपणे सांगता येतं, कारण तोच प्रश्न त्यांना भर चौकात विचारला गेला आणि उत्तर ऐकायला सगळा गाव हजर होता. तिथवर जायला जरा धीर धरावा लागेल. सुरुवातीला मास्तरांकडे एक सोडून तीन कारणं होती.

बायकोला, म्हणजे प्रमिलाबाईंना, सांगितलेलं कारण पचनाचं. पावसाळ्यात मास्तरांना अशक्तपणा आला आणि वैद्यांनी जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव घ्यायला सांगितलं. मुंबईहून बाटली मागवली. मास्तरांना गुण आला, आणि असा काही आला की अशक्तपणा एवढ्यात जाऊ नये अशी त्यांना काळजी लागून राहिली. आधी चमचा चहाचा होता, तो वाढायचा झाला, मग चमचा सारखा धुवावा लागतो म्हणून वाटी आली. दुसरं कारण शेजारच्या दोधूआप्पांना सांगितलं, ते स्वदेशीचं. द्राक्षं आपली, शास्त्र आपल्या ऋषींचं, आणि बाटलीवर चिठ्ठी इंग्रजी! राष्ट्रीय वृत्तीच्या माणसाला हे सोसेना. तिसरं कारण त्यांनी स्वतःलाच सांगितलं, की सुसंस्कृत माणसाला एखादा छंद हवा. प्रांतसाहेब म्हणे फुलपाखरं टाचून ठेवतात, स्टेशनमास्तर बुद्धिबळं खेळतात, आणि आपण काय करतो, तर निबंधातल्या वेलांट्या सुधारतो.

आपल्या मध्यमवर्गाचं एक बरं असतं. गरिबाने घेतली की ती दारू, राजाने घेतली की तो शौक, आणि आपण घेतली की ते औषध. त्यामुळे मास्तरांच्या मनाला टोचणी अशी नव्हतीच. अडचण होती ती एवढीच, की मास्तर गावच्या दारूबंदी मंडळाचे चिटणीस होते.

हे चिटणीसपद त्यांनी मागितलं नव्हतं. नवं मंत्रिमंडळ आलं, दारूबंदीचं वारं सुटलं, गावोगाव मंडळं निघाली. नंदुरबारच्या मंडळात व्यापारी होते, वकील होते, पण रविवारी मोकळा आणि अक्षर बरं असा माणूस एकच निघाला. तेव्हापासून मास्तर मद्यपानाच्या दुष्परिणामांवर भाषणं देत. भाषण शुद्ध मराठीत, म्हणी आणि सुभाषितांसह, आणि ते सुरू झालं की पुढची रांग डोळे मिटून चिंतनात जाई. कोणी घोरायला लागलं की शेजारचा त्याला ढोसे, आणि मग दोघं मिळून पुन्हा चिंतन करत.

वर्गातही तेच. पोरं त्यांच्यामागून मोठ्याने म्हणत, पण त्याला काही ऐकणं म्हणत नाहीत. घरी तर गोष्टच वेगळी. मास्तर मूळचे रनाळ्याच्या शेतकरी घरातले, पण मास्तरकी लागल्या दिवसापासून त्यांनी अहिराणी जिभेवरून उतरवली होती ती कायमचीच. प्रमिलाबाई कोरीटच्या, त्या अहिराणीतच बोलत. बोलत म्हणजे सकाळी चूल पेटली की सुरू होत. गेले दोन पावसाळे त्या सांगत होत्या, की सैपाकघरावरचं एक कौल सरकलंय आणि पाणी थेट पिठाच्या डब्यावर गळतं. मास्तर त्यावर "हं" म्हणत. मास्तरांचं "हं" हे एक स्वतंत्र प्रकरण होतं. ते कुठल्याही वाक्यानंतर चालत असे, आणि ते म्हणताना वर्तमानपत्रावरून नजर काढावी लागत नसे.

अशा माणसाला पन्नाशी उलटताना एकच आशा उरली होती, ती हेडमास्तरकीची. शाळा व्यापाऱ्यांच्या मंडळाने चालवलेली, मंडळाचे अध्यक्ष माणकचंदशेठ, आणि जुने हेडमास्तर येत्या माघात निवृत्त होणार होते. स्पर्धेत दुसरे होते शांतीलाल मास्तर. त्यांची नोकरी पुरती तीन वर्षांची नाही, पण ते पेटी वाजवत आणि स्नेहसंमेलनात पोरींकडून गरबा बसवून घेत. ती खुर्ची मिळाली की निदान मास्तरलोकांना तरी आपलं ऐकावं लागेल, असा गिरधर मास्तरांचा हिशेब होता. निकाल माणकचंदशेठच्या एका शब्दावर होता.

आता द्राक्षासव. मास्तरांना एक जुनं वैद्यकाचं पुस्तक सापडलं. त्यात कृती सोपी दिली होती: मातीच्या घड्याला आतून तूप माखायचं, मनुकांचा काढा, गूळ आणि धायटीची फुलं घालायची, तोंड माती माखलेल्या फडक्याने लिंपायचं, आणि घडा महिनाभर धान्याच्या राशीत पुरून ठेवायचा. पुस्तकात औषधी पाच-सहाच होत्या. पण खानदेशात शेजारच्या घरात औषध होतंय आणि आपण त्यात काही घातलं नाही, असं होऊच शकत नाही. समोरच्या कौसाबाईंनी पदरात बांधून आस्कंद, म्हणजे अश्वगंधा, आणला. दोधूआप्पा कचेरीतून नाझर म्हणून निवृत्त झालेले, त्यांना कोणत्याही गोष्टीत कमतरता दिसे. त्यांच्या मते पुस्तकातला गूळ देशावरच्या लोकांपुरता होता. आपल्याकडे पाणी जड, तेव्हा गूळ दुप्पट हवा. मास्तरांनी दुप्पट घातला. पुन्हा आप्पांना वाटलं की दुप्पट म्हणजे कमीच, तेव्हा आणखी एक भेली फोडली.

धायटीची फुलं मात्र नंदुरबारात ताजी मिळेनात. अक्कलकुव्याच्या बाजारात डोंगरातली माणसं ती विकायला आणतात, म्हणून मास्तरांनी तिथल्या एका ओळखीच्या शिक्षकाला कळवलं आणि सर्व्हिस मोटारीने पोतडी आली. मोटार स्टँडवर अबकारी शिपाई रायसिंग उभा होता. त्याचं काम एकच, डोंगरातून मोहाची फुलं चोरून येऊ द्यायची नाहीत. त्याने पोतडीत हात घातला आणि विचारलं, "मास्तर, ह्या फुलं कसाना शेतस?"

मास्तरांनी धायटीचं संस्कृत नाव सांगितलं. रायसिंगला संस्कृताचा संशय आला आणि त्याने पोतडी कचेरीत जमा केली. तिथल्या कारकुनाने फार आदराने खुर्ची दिली आणि सांगितलं की मोहाची फुलं असती तर गोष्ट सोपी होती, मोहासाठी परवान्याची पद्धत आहे. जी फुलं मोहाची नाहीत त्यांच्यासाठी परवाना देता येत नाही, आणि परवान्याशिवाय सोडता येत नाहीत. ही फुलं मोहाची नाहीत असा दाखला आणलात तर विचार करू. मास्तर वैद्यांकडे गेले. वैद्य म्हणाले, मी रोग्याचा दाखला देतो, फुलाचा देत नाही. जंगलखात्याचे राउंडगार्ड म्हणाले, झाडावर असेपर्यंत फूल आमचं. उतरलं की आमचा संबंध संपला. दोधूआप्पांनी सुचवलं की मास्तरांनी थेट कलेक्टरांकडे अर्ज करावा, आणि अर्जाचा पहिला परिच्छेद त्यांनी तिथल्या तिथे तोंडी सांगितला. शेवटी रायसिंगनेच मूठभर फुलं हुंगून पाहिली, मोहाला असा वास नसतो म्हणाला, आणि पोतडी मास्तरांच्या हातात दिली. कारकुनाला या सुटकेचं मनापासून वाईट वाटलं.

पण खरी अडचण पुढेच होती. घडा पुरायला धान्याची रास हवी, आणि मास्तरांच्या घरात धान्य म्हणजे जुवारीचे दोन डबे. रनाळ्याला भावाकडे न्यावा तर तिथे वीस माणसं, त्यातली निम्मी चव घेऊन बघणारी. रास एकच जवळची होती, आणि ती होती मास्तरांच्या परसाला लागून असलेल्या माणकचंदशेठच्या वखारीत.

ही रास साधी नव्हती. शेठच्या दुकानी जे पोतं मोजलं जाई त्यातली एक ओंजळ धर्मादायाची म्हणून बाजूला पडे, आणि तिचा वखारीच्या कोपऱ्यात ढीग होई. ती जुवार विकायची नाही, घरात खायची नाही, ती पारव्यांची. रोज सकाळी शेठचा हमाल उखा त्यातली एक टोपली भरे, आणि शेठ अनवाणी चौकातल्या चबुतऱ्यावर जाऊन ती स्वतःच्या हाताने टाकत. शेठ जैन, आणि नुसते नावाचे नव्हेत. कांदा नाही, बटाटा नाही, सूर्य मावळला की पाण्याचा थेंब नाही, आणि शिळं अन्न तर दृष्टीलाही नको, कारण त्यात जीव पडतात.

मास्तर त्यांच्याकडे गेले आणि औषध मुरवायला जागा मागितली. शेठनी बारकाईने चौकशी केली. त्यात मध आहे का? नाही. एखादा कंद? आस्कंदाचं मूळ असतं हे मास्तरांना तेवढ्यापुरतं आठवलं नाही. रात्री केलं का? दिवसाउजेडी केलं. शेठ खूश झाले. म्हणाले, विक्रीच्या मालात कशाला, धर्माच्या जुवारीत ठेवा, औषधाला पुण्याची जोड मिळेल. मनुका आणि गूळ एका घड्यात महिनाभर बसून काय करतात, हे शेठनी विचारलं नाही, आणि मास्तरांनी सांगितलं नाही. न विचारलेलं सांगणं ही आगाऊपणाची खूण आहे, असं मास्तरांनी मनाला समजावलं.

पुस्तकात एक ओळ होती. पहिले काही दिवस तोंड ढिलं ठेवावं, फेस बसल्यावर मग घट्ट लिंपावं. मास्तरांनी ती वाचली होती. पण ढिलं ठेवलं तर वास सुटणार, वास शेठच्या नाकात जाणार, आणि शेठच्या नाकातून तो थेट हेडमास्तरकीत जाणार. दोधूआप्पांनीही बजावलं, की वास बाहेर पडला म्हणजे अब्रू बाहेर पडली. मास्तरांनी मातीच्या फडक्यांचे थरावर थर दिले. कुंभारानेसुद्धा इतक्या मनापासून माती लावली नसती. मग उखाच्या मदतीने घडा राशीत पुरला, तोंडावर चार बोटं जुवार सारली, आणि मास्तर घरी येऊन वर्तमानपत्र वाचत बसले. त्या दिवशी वर्तमानपत्रात त्यांना काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते वखारीत गेले. जुवार बाजूला केली, घड्याच्या तोंडाला कान लावला. आत कोणीतरी बोलत होतं. बुडबुड, मग जरा थांबून पुन्हा बुडबुड, मग एक लांब सुस्कारा. मास्तरांनी कान काढला, इकडे तिकडे पाहिलं, आणि परत लावला. मग सहज, कोणी नाही असं बघून, त्यांनी घड्याला विचारलं, की हेडमास्तरकीचं काय वाटतं? आतून बुडबुड झाली. मास्तरांना ती अनुकूल वाटली.

तेव्हापासून ते रोज जाऊ लागले. शाळेतलं सांगत, शांतीलालच्या पेटीबद्दल सांगत, एकदा तर आख्खं भाषण म्हणून दाखवलं, आणि घड्याने मध्ये मध्ये अगदी योग्य ठिकाणी दाद दिली. मास्तरांच्या चेहऱ्यावर तेज आलं. प्रमिलाबाईंनी ते पाहिलं, पण त्या कौलाबद्दल बोलत होत्या आणि मास्तर "हं" म्हणून वखारीकडे निघाले होते.

माणकचंदशेठनीही पाहिलं. धर्माच्या राशीपुढे गुडघे टेकून, डोळे मिटून, माथा टेकवल्यागत वाकलेले मास्तर त्यांना दोन-तीनदा दिसले. शेठना भरून आलं. जीवदयेवर एवढी श्रद्धा त्यांनी आपल्या लोकांतही पाहिली नव्हती. त्यांनी मंडळाच्या लोकांना बोलून दाखवलं, की असा माणूस हेडमास्तर झाला तर पोरांना वळण लागेल. चौकात दारूबंदीची मोठी सभा होती, धुळ्याहून अबकारी इन्स्पेक्टर साहेब पाहुणे म्हणून यायचे होते, तिथेच ते मास्तरांचं नाव जाहीर करणार होते. ही बातमी दोधूआप्पांनी आणली.

सभेच्या आदल्या दिवशी मास्तर घड्याला ही बातमी सांगायला गेले, तर घडा गप्प. कान दाबून धरला, दुसरा लावला, काही नाही. मास्तर क्षणभर हिरमुसले. पण पुस्तकात लिहिलं होतं की आवाज थांबला म्हणजे आसव सिद्ध झालं. मास्तरांनी वाकून घड्याचं तोंड तपासलं, लिंपण जसंच्या तसं, एक तडा नाही. त्यांना धन्य वाटलं. सर्दीने त्यांचं नाक आठवडाभर बंद होतं आणि वखारीत गुळाच्या भेल्या रचलेल्या होत्या, तेव्हा वासाचं काही कळलं नाही. तोंड शाबूत होतं हे खरंच. पण त्याच्या खालचं पोट आतल्या जोराने केव्हाच फुटलं होतं, सगळं आसव राशीच्या बुडाशी जिरलं होतं, आणि दारूत फुगलेल्या मनुका जुवारीत मिसळून बसल्या होत्या.

सभेची सकाळ उजाडली. शुभ दिवस म्हणून शेठनी नेहमीच्या दुप्पट जुवार टाकायला सांगितली. उखाने मोठी टोपली घेतली आणि वरून भरायचा कंटाळा करून राशीच्या बुडाला, जिथे ढीग दाराकडे घसरला होता, तिथून भरली. जुवार ओलसर, फुगलेली आणि गोड वासाची होती, मध्ये मनुकाही होत्या. घड्यात काय आहे हे उखाला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं, आज मोठा दिवस, शेठनी पारव्यांना गुळाच्या पाण्यात भिजवून मेवा घातलेला दिसतो. श्रीमंताच्या पुण्यात आपण कशाला बोला.

चौकात चबुतऱ्यासमोर मांडव होता. इन्स्पेक्टर साहेब खुर्चीवर, शेठ त्यांच्या शेजारी, बायका ओट्यावर, त्यात प्रमिलाबाई. शेठनी आधी, डोळे मिटून मंत्र पुटपुटत, दाण्याकडे न बघता धान्य टाकलं. पारवे रोज येतात तसे आले, पण रोज चोचीने टिपतात ते त्या दिवशी तुटून पडले. मग मास्तर उठले आणि शुद्ध मराठीत बोलू लागले. पुढची रांग चिंतनाला लागली. मास्तर सांगत होते, की मद्याने प्रथम विवेक जातो. एक पारवा चबुतऱ्याच्या कडेवरून चालता चालता तिरका होत गेला आणि कडा संपल्यावरही चालत राहिला. मास्तर म्हणाले, मग लाज जाते. दोन पारवे साहेबांच्या टेबलावर उतरले आणि हारातली फुलं उपसू लागले. मास्तर म्हणाले, शेवटी आपला कोण, परका कोण, याचं भान जातं. एक जाडजूड पारवा घिरट्या घेत आला, मास्तरांच्या टोपीवर बसला, मान पिसांत खुपसून झोपी गेला.

त्या दिवशी पहिल्यांदा मास्तरांच्या भाषणात एकही माणूस झोपलेला नव्हता. लोक हसून हसून वाकले होते. पण शेठ हसत नव्हते. चबुतऱ्याभोवती पारवे आडवे पडायला लागले होते, आणि शेठ धोतर सावरत खाली धुळीत बसले होते. त्यांनी एक पाखरू ओंजळीत घेतलं, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"पंछियां रो कांई दोष?" ते आपल्या मारवाडीत म्हणाले. "माझ्या हाताने विष घातलं मी."

पाखरं उठेपर्यंत तोंडात पाणी घेणार नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. हसू थांबलं. इन्स्पेक्टर साहेब उठले, टोपलीतला मूठभर दाणा नाकाशी नेला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सरकारी समाधान पसरलं. ते विष नव्हतं, ती दारू होती. टोपली कोणी भरली? उखाने भरली. वखारीत कोण वावरतं? उखा वावरतो. उखाने हात जोडून गुळाच्या पाण्याचं सांगितलं, पण गरिबाच्या तोंडी गूळ म्हटला की साहेबांना भट्टीच आठवते. रायसिंगने उखाच्या दंडाला धरलं.

मास्तर टोपीवरच्या पारव्यासकट उभे होते. त्यांना खुर्ची दिसत होती, साहेबांची नव्हे, हेडमास्तरांची. गप्प राहणं सोपं होतं. तोंडाला माती लिंपून गप्प बसण्यात त्यांचा हातखंडा होता, घडा त्याला साक्षी होता. पण उखाने त्यांच्याकडे पाहिलं. त्याने काही सांगितलं नाही, घडा पुरताना आपण सोबत होतो हेही सांगितलं नाही, नुसतं पाहिलं, आणि मास्तरांच्या तोंडून जे निघालं ते शुद्ध मराठी नव्हतं.

"उखाना काई दोष नही, साहेब. तो घडा मन्हा शे."

रायसिंगने उखाचा दंड सोडला. साहेबांनी विचारलं, घडा कसला, औषधाचा की दारूचा? औषध असेल तर राशीत लपवलं का, आणि दारू असेल तर हे भाषण कसलं? एका दारूबंदीच्या चिटणीसाने हे करावं तरी कशासाठी?

मास्तरांनी पचनाचं कारण काढलं. साहेबांनी त्यांच्या पोटाकडे पाहिलं. मास्तरांनी स्वदेशीचं काढलं, छंदाचं काढलं, आणि दोन्ही अर्ध्यावर सोडली.

"साहेब, तठे कान लावा का ते बोले," ते म्हणाले. "मी काई बी सांगू, ते बुडबुड करीसन उत्तर दे. पन्नास वरीस मी बोली ऱ्हायनू. मन्हं कोनी ऐकं नही. त्या घडानी ऐकं."

कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतली माणसं, जी वर्षानुवर्षं चिंतन करत आली होती, ती आपल्या पायांकडे बघू लागली. दोधूआप्पांनासुद्धा काही सुचवावंसं वाटलं नाही.

पुढचं काम कायद्याचं होतं आणि ते अडलं. नमुना हवा, तर घडा फुटलेला. आसव जुवारीत, आणि ती जुवार पारव्यांच्या पोटात. मुद्देमाल जप्त करावा तर पाखरं शेठच्या धर्माची, त्यांना हात लावू द्यायला शेठ तयार नव्हते. साहेब खुर्चीवर बसून वाट पाहू लागले, आणि सगळा गावही बसला. ऊन चढलं तसा पहिला पारवा उठला, दोनदा पडला, पंख झाडले आणि देवळाच्या कळसाकडे उडाला. मग दुसरा. टोपीवरचा सगळ्यात शेवटी उठला आणि जाताना मास्तरांच्या खांद्यावर आपली आठवण ठेवून गेला. शेठनी पाणी घेतलं. साहेबांनी औषधाचा घडा फुटून धान्य भिजल्याचं लिहून घेतलं, मास्तरांना चिटणीसपद सोडायला सांगितलं, आणि पुढच्या गाडीने धुळ्याला गेले.

शेठ मास्तरांजवळ आले. ते रागावलेले नव्हते, तेच जास्त वाईट होतं. हात जोडून म्हणाले, की दाणा आपल्याच हाताने टाकला, तेव्हा निम्मं पाप आपलंही आहे आणि त्याचं प्रायश्चित्त आपण घेऊ. मग जरा थांबून हळूच म्हणाले, "पाखरांनी माफ केलं, मास्तर. पण हेडमास्तर पोरांपुढे उभा राहतो."

मास्तरांनी मान हलवली. शांतीलालची पेटी त्यांना तिथूनच ऐकू येत होती.

ते घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि ओसरीवर बसले. बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की घरात आवाज नाही. चूल पेटलेली होती, भाकरी थापल्याची थपथप येत होती, पण प्रमिलाबाई बोलत नव्हत्या. लग्नानंतर असं कधी झालं नव्हतं. मास्तरांनी "हं" म्हणून पाहिलं. मग ते उठून सैपाकघराच्या दारात गेले आणि काय झालं म्हणून विचारलं.

प्रमिलाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. त्यांचे डोळे लाल होते, आणि ते धुराने नव्हते.

"मडकं बोलस म्हनीसन रोज कान लाई बठनात," त्या म्हणाल्या. "लगीन व्हयनं तवयपाईन मी बोली ऱ्हायनू. मन्हाकडे कधी कान करा का?"

मास्तरांना सुभाषितं पुष्कळ पाठ होती, त्यातलं एकही कामाचं नव्हतं. वर पाहिलं तर सरकलेल्या कौलाच्या फटीतून उन्हाची तिरीप पिठाच्या डब्यावर पडली होती. ती फट इतकी मोठी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी कोपऱ्यातला पाट ओढला, चुलीजवळ मांडला आणि त्यावर बसले, वर्तमानपत्र न घेता.

"बोल," ते म्हणाले. "मी ऐकी ऱ्हायनू."

प्रमिलाबाईंनी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं, पदराने नाक पुसलं, आणि कौलापासून सुरुवात केली.